हाताने उतरवलेलं जहाज

८ फेब्रुवारी

ती. मामांस भाचीचा नमस्कार,

तुमचं जहाज पोचलं. पोस्टमनने या खेपेलाही पाकीट कानाशी धरून हलवलं आणि विचारलं, "गाण्यांची कॅसेट का?" मी म्हटलं, "नाही हो, यात माझ्या मामांचं अंतराळातलं जहाज आहे." बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. पुढची पाकिटं बहुतेक दाराखालून ढकलून पळणार.

कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर लावला, त्याने नेहमीसारख्या किंकाळ्या फोडल्या, टीव्हीवर पट्टे नाचले, माझा चहा गार झाला आणि मग एकदाचा खेळ सुरू झाला. जहाज भिकारी ग्रहाच्या ठाण्यात छान उभं होतं, कोठारात यंत्रांच्या पेट्या. भिकारीला यंत्रांची मरणाची मागणी आहे, सगळी विकली. बदल्यात धान्य भरलंय. ते आता रुसकीवर न्या. रुसकीवाल्यांकडे पैसा उदंड आणि पिकत काही नाही, त्यामुळे म्हणू त्या भावाने घेतील. ग्रहांना ही नावं तुम्ही ठेवलीत म्हणून बरं, खेळातली मूळ नावं म्हणजे खोकल्याची उबळ.

आपलं हे बरं चाललंय. बाजार माझा, उड्डाण तुमचं. तुमच्या टीव्हीवर तुम्ही उडवायचं, ठाण्यात उतरवायचं, खेळ तिथवरचा कॅसेटवर भरून मला पाठवायचं. माझ्या टीव्हीवर मी खरेदी-विक्री करायची आणि ठाण्याबाहेर पाऊल न टाकता कॅसेट परत तुम्हाला. एकदाच टाकलं होतं पाऊल. ते गरगर फिरणारं ठाणं, त्यातली ती अरुंद फट, आणि मी जहाज घातलं थेट भिंतीवर. तेव्हा तुम्ही लिहिलंत, "बाई, तू आपलं दुकान सांभाळ." सांभाळते आहे. अजून दोन-तीन खेपा झाल्या की मोठं कोठार बसवून घेऊ, मग बघा व्यापार.

एक विचारायचं होतं. तुमचं अक्षर एवढं बारीक का झालंय? पूर्वी चार ओळींत पोस्टकार्ड भरायचं. या खेपेला मी कामावरच्या शिवणाच्या दुकानातून काजं करणाऱ्या बाईंचं सुईत दोरा ओवायचं भिंग मागून आणलं. कागद वाचवताय की काय? मामींना साष्टांग नमस्कार सांगा.

तुमची बाजारवाली

२ मार्च

चि. बाजारवालीस कप्तानाचे आशीर्वाद.

भिंग परत कर आणि चष्म्याचा नंबर काढून घे. माझ्या अक्षराला काही झालेलं नाही. आता खेपेचा वृत्तांत ऐक. भिकारी सोडून थोडं पुढे जातोय तोच चार लुटारू समोर. चार! दोन उडवले, एक पळाला, चौथ्याने माझ्या शेपटीला आग लावली. तशा अवस्थेत रुसकी गाठलं. धान्याचा एक दाणा सांडला नाही. मामी स्वयंपाकघरातून ओरडत होती, की जेवायला या नाहीतर लुटारूंनाच वाढते.

इकडे गोदीत काम फार आहे. जहाजांची रांग लागलेली असते आणि क्रेनवाले कमी. मी सकाळी शिडी चढतो तो जेवायच्या सुट्टीपर्यंत वरच. वर केबिनमध्ये बसलं की अख्खं बंदर पायाखाली असतं. खाली बावटा. तू त्याला पाहिलं नाहीस, पण ओळखतेस. मला खालून खुणा करणारा, दोन्ही हातांत लाल-हिरवे बावटे, म्हणून बावटा. तो हात करतो तेव्हाच मी वजन हलवतो. इतकी वर्षं झाली, कामाच्या वेळात आम्ही एकमेकांशी शब्द बोललेलो नाही, वरचा आवाज खाली जात नाही ना खालचा वर. सुट्टीत मात्र त्याचं तोंड बंद होत नाही. आपल्या जहाजाचं सगळं ऐकून घेतो. म्हणतो, भाचीबाईंना सांगा, आम्हालाही कोठारात नोकरी द्या.

हल्ली वारा फार असतो. पेट्या झुलतात. परवा बावटा म्हणाला, आज तर पान हललं नाही. मी म्हटलं, खाली उभ्या असलेल्या माणसाला वरचा वारा काय कळणार!

कॅसेट सोबत आहे. नीट विक. तुझ्यावर माझा विश्वास आहे, एवढंच सांगतो.

मामा

१५ मार्च

ती. मामांस,

नमस्कार नाही, आधी भांडण.

जहाज उघडलं. धान्य विकायच्या आधी, मोठ्या कोठाराच्या आनंदात पैसे बघायला गेले आणि बघते तर खडखडाट. म्हटलं, कोणी लुटलं आपल्याला? मग सामानाची यादी लावली. ऑटोमॅटिक डॉकिंगचं यंत्र! एक कळ दाबायची आणि जहाज आपलं आपण फटीतून आत जाऊन उभं राहतं. आपली सगळी कमाई तुम्ही त्यात घातलीत, मला न विचारता, पत्रात एका शब्दाने न सांगता!

अहो मामा, हे तुम्ही? ते यंत्र घेणाऱ्यांना तुम्ही काय म्हणायचात आठवा. "त्यापेक्षा बसने जावं." मागच्या सुट्टीत तुमच्याकडे आले होते तेव्हा ती फट फिरतेय आणि तुम्ही जहाज तिच्या तालात फिरवत अलगद आत नेताय, ओठ मिटलेले, कपाळावर एक घामाचा थेंब नाही. मामी म्हणाली होती, पोरांना पाळण्यात ठेवताना सुद्धा एवढी काळजी घेतली नाही यांनी. आणि आता बटण दाबणार! चार लुटारूंशी लढतात आणि दारातून आत शिरायचा कंटाळा!

तर मी ते यंत्र विकून टाकलं. निम्म्याच भावात गेलं. रागावलात तर रागवा. त्या पैशात कापड भरलंय. ते भिकारीवर न्या आणि तिथून पुन्हा धान्य आणा. आणि उतरवा हाताने, पूर्वीसारखं.

म्हातारे झालात की काय? झाला असाल तर तसं सांगा, मी कप्तान बदलते.

भाची

२० एप्रिल

चि. भाचीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. कॅसेट पाठवत नाही. आमच्या मशीनची डावीकडची कळ अडकते आहे, स्प्रिंग गेली असावी. जहाज वळतच नाही. शिवाय तू पाठवलेली कॅसेट बहुतेक वाटेत उन्हात राहिली, आवाज फाटतो.

यंत्र विकायला नको होतंस. बाजार तुझा हे कबूल, पण जहाज माझं आहे. जमेल तेव्हा परत विकत घे. त्यात लाज कसली. मोठी मोठी जहाजं सुद्धा आता तशीच लावतात.

मामा

ता. क. मी मामी. यांनी पाकीट चिकटवायला दिलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. हे काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, तुला येत असेल तर धन्य आहे तुझी. कळ-बिळ काही अडकलेली नाही, काल मी पुसायला घेतली तेव्हा नीट खालीवर होत होती. गेले तीन-चार आठवडे त्या टीव्हीसमोर बसतात आणि उठताना टेबलावर हात आपटतात. एकदा कप फुटला. एरवी आमच्याकडे आवाज फक्त माझा असतो. आणि नवीन थेर बघ, सकाळी शर्टाची बटणं मी लावायची. म्हणतात, इतकी वर्षं लग्नाला झाली, आता तरी थोडी सेवा कर. डावा हात कायम खिशात, राजबिंड्या नटासारखा. हसावं की रागवावं कळत नाही. तू त्यांना काही बोललीस का? बोलली असलीस तर मागे घे. मला हा माणूस असा आवडत नाही.

२६ एप्रिल

ती. मामांस,

हे पत्र तुमच्या हातात पडलं की आधी एकटे बसा.

आमच्या दुकानातले कटिंग मास्तर तुम्हाला माहीत नाहीत. मी गिऱ्हाइकाची मापं घ्यायची, ते कागदावर आकडे लिहायचे आणि त्यावरून कापड कापायचे. त्यांचे आकडे असे ठसठशीत असायचे की लांबून वाचावेत. मग ते बारीक व्हायला लागले. आम्ही मुली हसायचो, मास्तर पेन्सिल वाचवतात म्हणून. मग त्यांना स्वतःची बटणं लागेनात. मग एक दिवस मी त्यांचा हात पाहिला. टेबलावर नुसता ठेवला होता, आणि अंगठा बोटावर घासत होता, सारखा, जसं काही ते काहीतरी वळत बसलेत. त्यांनाही ते थांबवता येत नव्हतं. डॉक्टरांनी नसांचा, कंपाचा आजार सांगितला. औषधाने बरं वाटतं, पण जातो असं नाही. मास्तर आता घरी असतात.

मामीचं ता. क. वाचलं आणि मला सगळं एकदम दिसलं. ते बारीक अक्षर. ते यंत्र. आणि मी, तुम्हाला म्हातारे म्हणणारी, ते यंत्र विकून बसलेली! मला माझीच चीड आली आहे. पण ते राहू दे.

मामा, खेळात डाव्या हाताने जहाज वळवतात. क्रेनचंही तसंच आहे, तुम्हीच मला समजावलं होतं. उजव्या दांड्याने वजन उचलायचं, डाव्याने क्रेनचा हात वळवायचा. वारा नव्हता, मामा. बावटादादा बरोबर म्हणाले होते.

मास्तरांचा हात हलला तर कापड वाया जायचं आणि मालक ओरडायचा. तुमच्या हाताखाली कापड नसतं. माणूस उभा असतो.

खाली उतरा. सुट्टी घ्या, डॉक्टरांना दाखवा, मामीला सांगा. नाहीतर मी सांगेन. धमकी समजा. मला भीती वाटते म्हणून लिहिते आहे, दुसरं काही नाही.

तुमची भाची

४ मे

चि. भाचीस,

तुला कोणी डॉक्टर केलं? शिंप्याच्या दुकानात बसून माझी नाडी बघतेस? तुझा तो मास्तर आणि मी एक? मी रोज एवढाली वजनं उचलतो आणि एक ओरखडा उमटू देत नाही. मामीला एक अक्षर लिहिलंस तर माझ्याशी संबंध संपला, लक्षात ठेव.

वरचं काल लिहिलं. फाडणार होतो. राहू दे, तुला कळू दे मी काय म्हणालो ते.

हात हलतो. हिवाळ्यापासून. गोदीतल्या डॉक्टरी तपासणीच्या वेळी मी त्याच्यावर बसलो होतो, डॉक्टरने बघितलाच नाही. दांडा घट्ट धरला की थांबतो. पूर्ण नाही, पण थांबतो. मी मनाशी ठरवलं होतं, की त्या फटीतून जहाज हाताने आत नेता येतंय तोवर मी क्रेनवर चढायचं. ती फट क्रेनपेक्षा अवघड आहे. तिथे जमलं तर इथे जमणारच. मग एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा नाही. मग मी ते यंत्र घेतलं, म्हणजे परीक्षाच नको. तू ते विकलंस. तुला काय माहीत असणार. तुझ्यावर राग नाही.

आता तुला खरं सांगतो. मला खाली काही येत नाही. रेशनच्या रांगेत सुद्धा मी चुकीच्या जागी उभा राहतो, तुझी मामी हाताला धरून नेते. वर गेलो की मी कोणीतरी असतो. ते गेलं तर मी सकाळी उठून काय करू, कोणासाठी दाढी करू? हे तुला कळायचं वय नाही, पण तुला कळेल असं वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. एक खेप दे. यंत्राशिवाय. पुढच्या कॅसेटमध्ये जहाज भिकारीच्या ठाण्यात उभं दिसलं, तर मी ठीक आहे आणि तू गप्प बसायचंस. नाही दिसलं तर मी स्वतः मामीला सांगेन आणि उतरेन. माझा शब्द.

मामा

१९ मे

मामा! मामा! मामा!

भिकारी! जहाज भिकारीच्या ठाण्यात! कापड कोठारात जसंच्या तसं, सामानात ते यंत्र नाही. मी तीनदा यादी पाहिली. शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या की काय झालं, मी म्हटलं मामा उतरले! त्यांना वाटलं तुम्ही स्टेशनवर उतरलात, त्या चहाचं आधण वाढवायला निघाल्या.

रडले मी, खरं सांगते. टीव्हीसमोर जमिनीवर बसून. गेले तीन आठवडे दुकानात कोणी हात पुढे केला की मी हाताकडेच बघत होते. मी घाबरट आहे, मला माफ करा. तुमच्या अक्षराला, बटणांना, सगळ्याला काहीतरी दुसरं कारण असेल. पाकिटावरचा पत्ताही किती मोकळ्या अक्षरात होता, तोच पाहून माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता.

शब्द म्हणजे शब्द, मी मामीला काही लिहिणार नाही. पण डॉक्टरांना एकदा दाखवाल ना? माझ्यासाठी. कापड विकलंय, भाव काय आला ते बघाच. धान्य भरलंय, ते रुसकीवर न्या.

तुमची फार फार आनंदी
भाची

२७ मे

भाचीताईंना नमस्कार वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मी असं परस्पर पत्र लिहिणं बरोबर की नाही हेही माहीत नाही. मी तुमच्या मामांच्या क्रेनखाली बावटे दाखवायला असतो. तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, कारण मागचं कॅसेटचं पाकीट मीच लिहिलं आणि टपालात टाकलं. मामा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे.

ताई, लिहायचं कारण असं, की मला राहवत नाही. तुमचं ते जहाज भिकारी ग्रहावर मी उतरवलं! मामांनी बोलावलं होतं जेवायला. मामींच्या हातचं पोटभर जेवलो आणि मग मामा म्हणाले, ये, तुला गंमत दाखवतो. पहिले दोन-तीन वेळा मी भिंतीवर आपटलो. मग ते माझ्या मागे उभे राहून सांगायला लागले. फटीकडे बघू नकोस, ती कशी फिरते त्याकडे बघ. घाई करू नकोस. आणि मला एकदम कळलं. पेटी दोरावर फिरत खाली येते तेव्हा ती कधी सरळ होणार हे मला खालून रोज बघावं लागतं, तसंच आहे हे. शिरलं आत! मामांना एवढा आनंद झाला की त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि किती वेळ सोडेचनात. मी म्हटलं, खेळच तर आहे.

मामा म्हणाले की हे भाचीला सांगू नकोस, तिला चिडवायची गंमत करायची आहे. पण आता आठवडा झाला, तुमचं फसून चिडून झालं असेल असं समजून लिहितो. पुढच्या खेपेलाही मला उतरवू द्याल का? बायको म्हणते, तुम्हाला नवीन खूळ लागलं. मी म्हटलं, अगं, मला कोणी कधी वरच्या माणसाचं काम दिलं होतं का?

मामांची तब्येत बरी आहे. थोडे थकतात. हल्ली वजन खाली आणताना वेळ लावतात, मुकादम कुरकुरतो. मी त्याला सांगितलं, हळू आणतात म्हणून तर मी खाली निवांत उभा राहतो.

चूकभूल माफ करावी.

आपला
बावटा

(तार, ३० मे)

मामांच्या क्रेनखाली उभे राहू नका. त्यांचा डावा हात आजारी आहे. जहाज ही त्यांची परीक्षा होती, ती तुम्ही दिलीत. पत्र येत आहे. भाची.

३० मे

बावटादादांस,

तार मिळाली असेल. दादा, तुम्ही ते जहाज उतरवलंत, फार सुंदर उतरवलंत, आणि हे मला तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगायला आवडलं असतं.

मामांचा डावा हात हिवाळ्यापासून थरथरतो. त्यांनी लपवलं. मला ते महिन्याभरापूर्वी कळलं. मी त्यांना खाली उतरा म्हटलं, तर त्यांनी अट घातली की जहाज हाताने ठाण्यात नेलं तर क्रेनवर राहणार. जहाज आलं, मी विश्वास ठेवला आणि गप्प बसले. त्या दिवसापासून तुम्ही रोज त्या वजनाखाली उभे राहिलात. मी इथे पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. यात मीही आहे, दादा. तुमच्याशी कसं बोलावं मला कळत नाही.

त्यांना वाईट समजू नका, असं लिहिणार होते. पण ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त उभे राहू नका. मामीलाही आजच लिहिलं आहे.

भाची

११ जून

चि. भाचीस,

अक्षर मामीचं आहे, मजकूर तिच्या नवऱ्याचा. मी सांगतो आणि ती लिहिते. (मधे मधे माझंही येईल, ते कंसात. मामी.)

तुझी तार गोदीच्या ऑफिसात आली तेव्हा माझ्याकडे एक पेटी हवेत होती. मी वरून पाहिलं, शिपाई पळत आला, बावट्याच्या हातात कागद दिला. त्याने वाचला. परत वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं घरचं काही असेल. त्याने खालच्या सगळ्या माणसांना हात करून लांब पाठवलं, गोदामाच्या भिंतीपर्यंत. स्वतः बाजूला सरकला, पण मला दिसेल असा. आणि मला खुणा करायला लागला. इतक्या हळू खुणा त्याने कधी केल्या नव्हत्या. बोटभर डावीकडे. थांब. बोटभर. थांब. पेटी झुलली की दोन्ही बावटे आडवे धरून उभा राहायचा, ती शांत होईपर्यंत. मी तो सांगेल तसं केलं. पेटी टेकली. मग त्याने हात फिरवून इंजिन बंद कर म्हणून सांगितलं.

तो शिडी चढून वर आला. केबिनच्या दारात उभा राहिला, धापा टाकत. म्हणाला, "हात दाखव." मी उजवा पुढे केला. म्हणाला, "दुसरा."

तो दाखवला.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चल." आधी तो शिडीवर उतरला, मग मी. वाटभर तो माझ्या एक पायरी खाली होता. माझा पाय धरून पायरीवर ठेवायचा, मग दुसरा. अख्खी गोदी बघत होती. जमिनीला पाय लागले तेव्हा त्याने विचारलं, "मला खेळ म्हणून शिकवलंस ना?" बावटे तिथेच क्रेनच्या पायाशी ठेवून तो निघून गेला.

(मी इथे लिहायचं थांबवलं होतं. म्हणाले, लिही. डॉक्टर म्हणतात तुझ्या मास्तरांचाच आजार. औषध सुरू केलंय. मला हिवाळ्यापासून सांगितलं नाही याबद्दल मी वेगळी बोलणार आहे, ते या पत्रात मावणार नाही.)

तुझ्यावर मी चार दिवस रागावलो होतो. मला न लिहिता तू त्याला लिहिलंस. मग मीच मला विचारलं, मला लिहिलं असतं तर मी काय केलं असतं? नवीन काहीतरी खोटं बोललो असतो. मला येत होतं ते. ती फट माझ्या हातून एकदाही पार झाली नाही, बाई. तीन संध्याकाळी बसलो. मग मी त्याला जेवायला बोलावलं. तो हात धुवून माझ्या खुर्चीवर बसला, तेव्हा मला माहीत होतं मी काय करतोय. तो शिकत होता, हसत होता, आणि मी मनात म्हणत होतो, शिर, शिर आत. त्याचे खांदे धरले तेव्हा माझा डावा हात त्याच्या अंगावर थरथरत होता. त्याला वाटलं आनंदाने.

मला ऑफिसात खुर्ची दिली आहे, कागदांवर शिक्के मारायला. तो नव्या माणसाबरोबर काम करतो. सुट्टीत लांब जाऊन बसतो. मी जवळ गेलो की उठतो. रागावून नाही उठत, नुसता उठतो, जसं अनोळखी माणसाला जागा द्यावी. इतकी वर्षं आम्ही हातांनी बोललो आणि आता मी हात केला तर तो बघत नाही.

त्याला पत्र लिहायचं ठरवलं आहे. मामी म्हणते, समोर जा. समोर तो उभा राहत नाही. तुझ्या मामीने दुसरा कागद घेतला, वर तारीख घातली, आणि विचारतेय की पुढे काय लिहू. मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझा
मामा